जुन्या बुटीक हॉटेलात राहायला जाताय? आधी इमारत समजून घ्या, मग खोली मागा

साखळी हॉटेलांची एक सोय असते. चौथ्या मजल्यावरची खोली आणि नवव्या मजल्यावरची खोली यांत फरक असला तर तो खिडकीबाहेरच्या दृश्याचा. आत पलंग, टेबल, दिव्याची बटणं सगळं जिथल्या तिथे. शंभर वर्षं जुन्या इमारतीत थाटलेल्या बुटीक, म्हणजे छोट्या आणि स्वतःची वेगळी धाटणी असलेल्या, हॉटेलात तसं नसतं. एकाच मजल्यावर, एकाच दरात दिलेल्या दोन खोल्यांपैकी एक उंच छताची, रस्त्याकडे दोन खिडक्या असलेली निघते आणि दुसरीची खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर भिंत असते. दोन्ही पाहुण्यांनी बुकिंग करताना फोटो मात्र एकच पाहिलेला असतो, बहुतेक वेळा पहिल्या खोलीचा.

म्हणून पहिल्यांदाच अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी हॉटेलला किती तारे आहेत यापेक्षा आपल्या वाट्याला कोणती खोली येणार याची चौकशी जास्त करावी. ही चौकशी नेमकी करायची तर इमारत कधीची आहे आणि कशासाठी बांधली होती, हे आधी कळायला हवं. तिथूनच सुरुवात करू.

पायरी १ : इमारतीचं वय आणि हॉटेलचं वय वेगवेगळं काढा

हॉटेलच्या नावाखाली एक साल दिमाखात लिहिलेलं असतं. ते बांधकामाचं असू शकतं, हॉटेल सुरू झाल्याचं असू शकतं, किंवा पूर्वी त्याच जागी असलेल्या दुसऱ्याच इमारतीचं. न्यूयॉर्कचं चेल्सी हॉटेल घ्या. ही इमारत १८८०च्या दशकात सहकारी तत्त्वावरच्या सदनिका म्हणून उभी राहिली, १९०५ साली तिचं हॉटेल झालं, २०११ मध्ये ते पाहुण्यांसाठी बंद झालं आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. यातल्या प्रत्येक सालाचा अर्थ वेगळा. तुमच्या झोपेच्या आणि अंघोळीच्या दृष्टीने कामाचं साल एकच : शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते. नळ, वायरिंग, लिफ्ट, खिडक्या यांचं खरं वय त्यावरून कळतं.

दुसरा प्रश्न, इमारत आधी काय होती? राहत्या घराचं हॉटेल झालं असेल तर खोल्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. दिवाणखान्याची एक ऐसपैस खोली होते, कोठीची एक चिंचोळी. बँक किंवा कचेरी असेल तर इमारत आत खोलवर पसरलेली असते, त्यामुळे मधल्या भागातल्या खोल्यांना उजेड कमी, कधी खिडकीच नाही. गोदाम असेल तर खिडक्या मोठ्या आणि खोलीच्या मध्येच एखादा जाडजूड खांब. मुळात हॉटेल म्हणूनच बांधलेल्या जुन्या इमारतींत लॉबी, जिना, भोजनगृह यांवर सढळ हाताने खर्च केलेला दिसतो आणि झोपण्याच्या खोल्या त्या मानाने लहान. त्या काळचा पाहुणा खोलीत फक्त झोपायला आणि कपडे बदलायला जाई. बाकीचा दिवस खालच्या दालनांत.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा : एकूण खोल्यांपैकी जुन्या भागात किती? बॉस्टनचं लिबर्टी हॉटेल १८५१ साली बांधलेल्या चार्ल्स स्ट्रीट तुरुंगात आहे. हॉटेल म्हणून ते २००७ मध्ये सुरू झालं. लॉबी पाहण्यासारखी आहे; पण बहुतेक खोल्या शेजारी नव्याने उभारलेल्या मनोऱ्यात आहेत. लंडनच्या सेंट पॅनक्रस स्टेशनाला लागून असलेल्या हॉटेलातही जुन्या भागातल्या खोल्या आणि मागे नव्याने बांधलेल्या भागातल्या खोल्या अशी विभागणी आहे. यात फसवणूक नाही, हॉटेलं हे उघड सांगतात. मात्र जुन्या वास्तूत राहायचं म्हणून जादा पैसे मोजायचे आणि रात्र नव्या काँक्रीटमध्ये काढायची, याला अर्थ नाही. उलट शांत झोप आणि मोठं न्हाणीघर हवं असेल आणि जुनेपण लॉबीत बसून अनुभवायला चालत असेल, तर नवीन भाग मुद्दाम मागावा. मी ज्येष्ठांना तोच सुचवतो.

पायरी २ : मजला ठरवा

वरचा मजला म्हणजे चांगली खोली, हा समज लिफ्टने घडवला. दोर तुटला तरी लिफ्टचा पाळणा जागीच धरून ठेवणारा सुरक्षा-ब्रेक एलिशा ओटिस यांनी १८५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर दाखवला आणि १८५७ मध्ये तिथल्याच एका दुकानात माणसांची ने-आण करणारी त्यांची लिफ्ट बसली. त्याआधी जिने चढायचे म्हटल्यावर खालचे मजले श्रीमंतांचे आणि माळ्याखालच्या खोल्या नोकरचाकरांच्या, असाच हिशोब होता. पॅरिसमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती बाहेरून पाहिल्या तरी हे दिसतं : दुसऱ्या मजल्याला उंच छत आणि लांब सज्जा, आणि थेट छपराखाली मोलकरणींच्या बारक्या खोल्या.

याचा उपयोग असा. इमारत लिफ्टच्या आधीच्या काळातली असेल तर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या मूळच्याच चांगल्या असतात : उंच छत, मोठ्या खिडक्या, नक्षीकाम शाबूत. सर्वांत वरच्या मजल्यावर छप्पर उतरतं असतं, उंच माणसाचं डोकं आपटतं, उन्हाळ्यात उकडतं. आणि बाहेरून नंतर जोडलेली लिफ्ट अनेकदा एक मजला आधीच थांबते. इमारत विसाव्या शतकातली असेल तर मात्र वरचे मजले घ्यावेत, उजेड आणि शांतता दोन्ही मिळतात.

एक खबरदारी : काही देशांत रस्त्याच्या पातळीवरच्या मजल्याला पहिला म्हणतात, काही ठिकाणी त्याच्या वरच्याला. ‘दुसरा मजला’ असं न लिहिता ‘रस्त्यापासून दोन जिने वर’ असं विचारलं की घोळ राहत नाही.

पायरी ३ : न्हाणीघराची चौकशी संकोच न करता करा

जुन्या हॉटेलांबद्दलच्या तक्रारींत न्हाणीघराचा नंबर नेहमी वर असतो, आणि त्याला इतिहास आहे. सेंट पॅनक्रसचं जे हॉटेल वर आलं, ते मुळात मिडलंड ग्रँड. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेलं हे भव्य हॉटेल १८७३ मध्ये उघडलं तेव्हा शेकडो खोल्यांना मिळून मोजकीच स्नानगृहं होती. पाहुण्यांना खोलीतच गरम पाणी आणून देण्याची रीत होती, त्यामुळे कोणाला ते खटकलं नाही. पुढे काळ बदलला, खोलीला लागून न्हाणीघर ही अपेक्षा झाली, पण आग पसरू नये म्हणून बांधलेल्या जाड, भक्कम जमिनींतून नळ घालणं महाकठीण. हॉटेल १९३५ मध्ये बंद पडलं, आणि पुन्हा हॉटेल म्हणून उघडायला २०११ साल उजाडलं. दुसरीकडे अमेरिकेत एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये बफेलो शहरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर असलेलं मोठं हॉटेल काढलं. त्यांनी दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून ठेवली आणि नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. ही युक्ती नंतर सगळीकडे पसरली.

तेव्हा तुमची इमारत यापेक्षा जुनी असेल तर न्हाणीघर नंतर, मिळेल त्या कोपऱ्यात बसवलेलं आहे असं धरून चाला. कधी कपाटाची जागा घेतलेली, कधी खोलीचाच तुकडा पाडलेला. विचारायचं ते हे : न्हाणीघर खोलीतच आहे की बोळ ओलांडून? स्वतंत्र शॉवर आहे की टबमध्ये उभं राहून अंघोळ करायची? टबचा काठ किती उंच, धरायला दांडा आहे का? आत शिरताना पायरी आहे का? शेवटचा प्रश्न बारीक वाटतो, पण नवे नळ जुन्या जमिनीवरून नेऊन वर लादी घातलेली असली की न्हाणीघर खोलीपेक्षा वीतभर उंच होतं आणि रात्री झोपेत ठेच लागते.

गरम पाणी यायला वेळ लागतो, तेवढा नळ वाहू द्यावा. सकाळी सात ते नऊ या वेळात सगळेच अंघोळीला जातात. पाण्याचा जोर कमी पडत असेल तर अर्धा तास मागेपुढे करा.

पायरी ४ : आवाज

यावर एक वाक्यही न लिहिता लेख संपवता आला असता तर बरं झालं असतं, पण जुन्या हॉटेलात आवाज असतोच. फक्त तो कुठून येतो हे माहीत असेल तर अर्धा टाळता येतो.

जाड विटांच्या भिंतींतून फारसा आवाज येत नाही. तो येतो लाकडी जमिनीतून (वरच्या खोलीतला माणूस रात्री किती वेळा उठतो ते कळतं), दोन खोल्यांना जोडणाऱ्या मधल्या दारातून, लिफ्टच्या पोकळीतून आणि एकेरी काचेच्या खिडकीतून. संरक्षित वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीची मूळ खिडकी हॉटेलला मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही, म्हणून चांगली हॉटेलं तिच्या आतल्या बाजूला दुसरी काच बसवतात. ‘खिडकीला दुहेरी काच आहे का’ हे विचारलं तर रस्त्याकडची खोली घ्यायची की अंगणाकडची, हे ठरवणं सोपं जातं.

मधलं दार असलेली खोली एकट्यादुकट्याने घेऊ नये. पलीकडच्याच्या घोरण्याशी ओळख होते. कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या असतील तर हेच दार वरदान.

थंड प्रदेशांतल्या जुन्या इमारतींत खोली गरम ठेवायला वाफेवर चालणारे रेडिएटर असतात. पहाटे ते कोणी हातोडी मारल्यासारखे खणखणतात. आत साचलेल्या पाण्यावर गरम वाफ आदळते, त्याचा तो आवाज. स्फोटबिट होणार नाही. फारच होत असेल तर स्वागतकक्षाला कळवा, त्यांचा माणूस येऊन झडप बघतो. स्वतः ती फिरवायला जाऊ नका, हात भाजतो.

तळमजल्यावर बार असेल तर आठवड्याच्या अखेरीस तो किती वाजेपर्यंत चालतो तेही विचारून ठेवा. आणि कानात घालायचे बोळे सोबत असू द्या.

पायरी ५ : बुकिंग कुठून, आणि मेल कधी

दराची तुलना करायला बुकिंगची मोठी संकेतस्थळं उत्तम. तिथे अभिप्राय वाचताना सर्वांत ताजे आधी लावा आणि गुण बघण्यापेक्षा ‘आवाज’, ‘लिफ्ट’, ‘गरम पाणी’, ‘काम चालू’ असे शब्द शोधा. जुन्या इमारतीत कुठे ना कुठे दुरुस्ती सुरू असतेच. आपल्या मुक्कामात डोक्यावर ड्रिल चालणार का, एवढंच पाहायचं. खोलीच्या फोटोवर विसंबू नका, क्षेत्रफळ बघा. १४ चौरस मीटर म्हणजे साधारण १५० चौरस फूट : दोन माणसं, एक पलंग आणि एक उघडी बॅग, बस्स. तिसरा पलंग टाकायचा विचारही नको.

बुकिंग मात्र शक्यतो थेट हॉटेलकडे करा. दर सारखाच असेल तर नक्कीच. पंचवीस-तीस खोल्यांच्या हॉटेलात खोल्या वाटणारी व्यक्ती एकच असते, तिच्याशी थेट बोलता येतं आणि काही बदल करायचा तर मध्ये तिसरा कोणी नसतो.

मेल दोनदा पाठवा : बुकिंग करताना एकदा, आणि पोहोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा. प्रत्यक्ष खोली क्रमांक बहुधा शेवटच्या दिवसांत ठरतो, तेव्हा तुमची विनंती समोर असलेली बरी. मेल लहान ठेवा. ‘छान खोली द्या’ याला काही अर्थ नाही. प्रत्येकालाच छान हवी असते. असं लिहा :

‘आम्ही दोघे अमुक तारखेला येत आहोत. जुन्या इमारतीतली, अंगणाकडची, मधलं दार नसलेली खोली मिळाली तर बरं होईल. लिफ्टला आणि बर्फाच्या मशीनला लागून नको. लिफ्टने थेट पोहोचता येणं आवश्यक आहे, कारण आईला जिना चढवत नाही. हे शक्य नसेल तर कृपया आधी कळवा.’

यात काय हवंसं आहे आणि काय अनिवार्य आहे हे वेगळं दिसतं. त्या ‘आवश्यक’ शब्दाला वजन असतं, म्हणून तो एकदाच वापरा. ज्येष्ठ सोबत असतील तर आणखी एक विचारा : रस्त्यापासून स्वागतकक्षापर्यंत पायऱ्या किती? पुष्कळ सुंदर इमारतींचं पहिलं दर्शन म्हणजे सात-आठ संगमरवरी पायऱ्या, आणि चाकाच्या खुर्चीसाठी वेगळं दार मागच्या गल्लीत.

पायरी ६ : पैशाचं थोडक्यात

रद्द केल्यास परतावा मिळणारा दर आणि न मिळणारा दर यांत फार तफावत नसेल तर पहिला घ्या. अनेक शहरांत मुक्कामावर शहराचा वेगळा कर असतो आणि तो हॉटेलातच भरावा लागतो. पुष्टीच्या पत्रात बारीक अक्षरांत असतो, वाचून ठेवा. चेक-इन करताना हॉटेल तुमच्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे पैसे खात्यात असूनही हाताशी नसतात आणि मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात. यासाठी क्रेडिट कार्डच द्या.

पायरी ७ : पोहोचल्यावर, बॅग उघडण्याआधी

खोली साधारण दुपारी तीनच्या सुमारास मिळते. आधी पोहोचलात तर सामान ठेवून घेतात, निःसंकोच ठेवा आणि फिरून या.

खोलीत गेल्यावर लगेच पसारा मांडू नका. पाच मिनिटं द्या : खिडकी उघडते का आणि नीट बंद होते का, शॉवर सुरू करून पाणी गरम होतं का, पलंगावर बसून वरून-बाजूने काय ऐकू येतं, दाराची कडी आतून लागते का, मोबाइलला वायफाय मिळतं का. जाड भिंतींमुळे खोलीच्या एका कोपऱ्यात वायफाय येतं आणि दुसऱ्यात नाही, हे नेहमीचं आहे. काही पटलं नाही तर सामान न उघडताच खाली जा आणि नेमकं कारण सांगा : ‘खिडकी बारच्या वर येते, मागच्या बाजूची खोली रिकामी आहे का?’ दुपारी चारला खोली बदलून मिळणं रात्री अकरापेक्षा कितीतरी सोपं. तावातावाने बोलायची गरज पडत नाही.

मग खोलीतून बाहेर पडा आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना स्वतः चालत जाऊन बघा. खोलीपासून तिथपर्यंत किती दारं लागतात ते मोजा. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताने चाचपडत मोजावं लागतं. ही भीती घालण्याची गोष्ट नाही. अटलांटामधलं वाइनकॉफ हॉटेल १९१३ मध्ये उघडलं आणि ‘आगीपासून सुरक्षित’ अशी त्याची जाहिरात होई. पंधरा मजल्यांना जिना एकच होता. ७ डिसेंबर १९४६ च्या पहाटे लागलेल्या आगीत तिथे ११९ माणसं गेली. त्या काळातल्या अशा दुर्घटनांनंतर अमेरिकेत इमारतींचे अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. आज त्याच इमारतीत नव्या यंत्रणांसह बुटीक हॉटेल चालतं. बोळातली जड दारं आपोआप मिटतात ती धूर अडवण्यासाठी. त्यांना खुर्ची लावून उघडी ठेवू नका, कितीही उकडलं तरी.

पायरी ८ : मुक्कामात

जाळीच्या दारांची जुनी लिफ्ट असेल तर बाहेर पडल्यावर आतली आणि बाहेरची अशी दोन्ही दारं ओढून नीट लावा. एक जरी उघडं राहिलं तरी लिफ्ट जागची हलत नाही आणि खालच्या मजल्यावरची माणसं बटण दाबत उभी राहतात. मोठ्या बॅगा असतील तर सामान एका फेरीत, माणसं दुसऱ्या.

प्लगचे पॉइंट कमी असतात आणि भलत्याच ठिकाणी असतात, कधी पलंगामागे, कधी शेकोटीशेजारी. दुसऱ्या देशात असाल तर उपकरणावरची बारीक अक्षरं बघा : १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिनचा अॅडॉप्टर पुरतो. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, पाणी तापवायची किटली मात्र घरून नेऊ नका. २३० व्होल्टचं यंत्र ११० वर कुरकुरत चालतं, आणि उलट केलं तर जळतं. हॉटेलकडे मागा, मिळतं.

कन्सिअर्ज, म्हणजे पाहुण्यांची बाहेरची कामं करून देणारा माणूस, असेल तर त्याचा उपयोग करून घ्या. त्याच्या कोटाच्या दोन्ही कॉलरांवर एकमेकांवर ठेवलेल्या सोनेरी किल्ल्या दिसल्या तर तो ‘ले क्ले दॉर’ या कन्सिअर्ज मंडळींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे. त्याला ‘इथे काय बघण्यासारखं आहे’ असं न विचारता ‘उद्या सकाळी तीन तास आहेत, चालायला आवडतं, संग्रहालयं नकोत’ असं सांगा, म्हणजे त्याच्याकडचं खरं ज्ञान बाहेर येतं.

आणि खोलीत बसून राहू नका. अशा इमारतीचा खजिना खालीच असतो : जिना, वाचनालय, बारच्या मागचं लाकूडकाम. सकाळी लवकर, न्याहारीची गर्दी सुरू होण्याआधी, मुख्य जिन्याने चालत उतरा. बोळांतल्या जुन्या छायाचित्रांतल्या लॉबीशी आजची लॉबी ताडून पाहा. कोणती भिंत नंतर घातली ते लगेच दिसतं. रात्रपाळीच्या माणसाला वेळ असतो आणि इमारत त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत असते. कोणती खोली सगळ्यांत शांत, हे त्यालाच विचारा.

पायरी ९ : निघताना

बिल आदल्या रात्रीच मागून घ्या. सकाळी एकाच खिडकीवर रांग लागते आणि मिनीबारची न घेतलेली बाटली बिलात आली असेल तर वाद घालायला वेळ उरत नाही. कपाटाचा वरचा कप्पा, दारामागची खुंटी आणि पलंगामागचा प्लग बघा; चार्जर बहुतेक वेळा तिथेच राहतात. खोली आवडली असेल तर तिचा क्रमांक लिहून घ्या, आणि शेजारच्या ज्या खोलीचं दार सफाईसाठी उघडं होतं ती जास्त चांगली दिसली असेल तर तिचाही. पुढच्या वेळी मेलमध्ये वर्णन करत बसायला नको, क्रमांकच कळवायचा.